सातवी आज्ञा आणि वऱ्हाडची माती

पर्यावरणाचा विषय निघाला की आमच्या ख्रिस्ती समाजात दोन प्रकारची माणसे आढळतात. पहिल्या प्रकारची माणसे म्हणतात, हा सरकारचा आणि वनखात्याचा प्रश्न आहे. ख्रिस्तसभेने आत्म्यांची काळजी वाहावी. दुसऱ्या प्रकारची माणसे ५ जून उजाडला की चर्चच्या आवारात खड्डा खणतात, रोप लावतात, छायाचित्र काढतात आणि पुढच्या ५ जूनला त्याच खड्ड्यात नवे रोप लावतात. पहिल्यांचा नकार आणि दुसऱ्यांचा उपचार यांत आम्हांला फारसा भेद दिसत नाही. माती, पाणी आणि झाडे हा विषय श्रद्धेच्या गाभ्याबाहेरचा आहे, असे दोघांनाही मनातून वाटत असते. आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. माती नासवणे, पाणी उपसून संपवणे आणि हवेत विष कालवणे हे पाप आहे. त्या पापाला जुने, सर्वांच्या परिचयाचे नाव आहे. ते नाव म्हणजे चोरी.

हे आमच्या पदरचे मत नव्हे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने सृष्टीविषयीच्या कर्तव्याचे विवेचन कोठे केले आहे, ते वाचकांनी अवश्य पाहावे. ते दहा आज्ञांपैकी सातव्या आज्ञेखाली, म्हणजे चोरी करू नये या आज्ञेखाली, केलेले आहे. निसर्गावर माणसाला दिलेला अधिकार निरंकुश नाही. शेजाऱ्याच्या, आणि त्यात अजून जन्मास न आलेल्या पिढ्यांच्याही, हिताची मर्यादा त्याला आहे, असे तेथे सांगितले आहे. ज्यांना या विषयात 'आधुनिक फॅशन' दिसते, त्यांनी आधी या ग्रंथाशी वाद घालावा आणि मग आमच्याशी.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९७९ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांना पर्यावरणप्रेमींचे आश्रयदाते संत म्हणून घोषित केले आणि १ जानेवारी १९९० च्या शांतिदिनाच्या संदेशात पर्यावरणाचे संकट हे मुळात नैतिक संकट असल्याचे बजावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' हे परिपत्र काढले आणि त्याच वर्षी १ सप्टेंबर हा सृष्टीच्या संगोपनासाठी प्रार्थनेचा दिवस ठरविला. २०१६ साली त्यांनी परंपरेने चालत आलेल्या दयेच्या कृत्यांत सृष्टीच्या संगोपनाची भर घालावी, असे सुचविले. म्हणजे भुकेल्याला अन्न देणे, तान्हेल्याला पाणी देणे आणि ते अन्न व पाणी देणारी भूमी राखणे ही एकाच पंक्तीतील कर्तव्ये झाली. २०२५ साली, पोप चौदावे लिओ यांच्या कारकिर्दीत, सृष्टीच्या संगोपनासाठी स्वतंत्र मिस्साविधीही रोमच्या मिस्साग्रंथात दाखल झाला. इतके सारे होऊनही हा विषय आमच्या प्रवचनांत वर्षातून एकदाच डोकावत असेल, तर दोष शिकवणीचा नाही.

सत्ता म्हणजे मालकी नव्हे

ख्रिस्ती धर्मावर एक आरोप वारंवार केला जातो. लिन व्हाइट या अमेरिकन इतिहासकाराने १९६७ साली तो ठळकपणे मांडला. बायबलने माणसाला पृथ्वीवर सत्ता गाजवण्याचा परवाना दिला आणि त्या परवान्याच्या जोरावर पाश्चात्त्य जगाने निसर्ग ओरबाडला, असा त्या आरोपाचा आशय. वास्तविक आरोपातील अर्धा भाग खरा आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील त्या शब्दांचा आधार घेऊन ख्रिस्ती म्हणविणाऱ्या राष्ट्रांनी अरण्ये तोडली आणि वसाहती लुटल्या. पण ज्यांनी लुटले त्यांनी पहिला अध्याय वाचला आणि दुसऱ्या अध्यायापाशी ग्रंथ मिटला.

दुसऱ्या अध्यायात देव माणसाला एदेन बागेत ठेवतो ते दोन कामांसाठी. त्यासाठी मूळ हिब्रूत 'आबद' आणि 'शामर' ही क्रियापदे योजली आहेत. पहिल्याचा अर्थ कसणे आणि सेवा करणे असा दुहेरी आहे. दुसऱ्याचा अर्थ राखणे, पहारा देणे. आपल्या वऱ्हाडात वावर राखणारा जागल्या असतो. तो रात्रभर मचाणावर बसतो, डुकरे हाकलतो, पण पीक त्याचे नसते. माणसाचे पृथ्वीवरचे स्थान त्या जागल्याचे आहे. लेवीय ग्रंथाच्या पंचविसाव्या अध्यायात तर देव स्पष्ट करतो की जमीन त्याची आहे आणि माणसे तिच्यावर उपरी म्हणून राहतात. म्हणूनच तेथे जमिनीलाही सातव्या वर्षी विश्रांतीचा हक्क आहे. तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावर आमचे नाव असते, हे खरे. पण त्याच्या वर आणखी एक नोंदवही आहे आणि तीत मालकाच्या रकान्यात आमचे नाव नाही.

गावाच्या नावातली रेल्वे

आता हे तत्त्वज्ञान आपल्या दारात आणून पाहू. आमच्या गावाचे नाव चांदूर रेल्वे. याच जिल्ह्यातील चांदूर बाजारपासून वेगळे ओळखू यावे म्हणून रेल्वे नावाला चिकटली आणि कायमची राहिली. पण ती रेल्वे येथे आली कशासाठी? वऱ्हाड १८५३ साली इंग्रजांच्या ताब्यात आला. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. तो कापूस वऱ्हाडच्या काळ्या मातीतून उचलण्याची घाई सुरू झाली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग भुसावळ, बडनेरा, चांदूर या वाटेने १८६७ साली नागपूरला पोहोचला. 'विकास' या शब्दाचा आमच्या गावाला झालेला हा पहिला परिचय. मातीतले सोने बाहेर जाण्यासाठी रूळ आले. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन्ही दुष्काळांत मात्र रूळ असूनही वऱ्हाडची माणसे अन्नावाचून मेली.

हा इतिहास उगाळण्याचे कारण असे की कथेचा साचा अजून बदललेला नाही. समृद्धी महामार्ग आमच्या तालुक्यातून गेला. त्याचा अखेरचा टप्पा २०२५ साली नेमका ५ जूनला, म्हणजे जागतिक पर्यावरणदिनी, खुला झाला. रस्त्याला आमचा विरोध नाही. रस्त्याने रुग्ण लवकर दवाखान्यात पोहोचतो आणि माल लवकर बाजारात जातो, हे आम्ही जाणतो. प्रश्न एवढाच की या वाटेने काय बाहेर जाते आणि मागे काय उरते, याचा हिशेब कोणी ठेवतो काय?

मागे उरते ती माती. तिचे स्वरूप आमचे शेतकरी पुस्तकांवाचून जाणतात. उन्हाळ्यात ती भेगाळते आणि पहिल्या पावसाचे पाणी त्या भेगांतून खोल उतरते. भेगा मिटल्या की वरची चिकणमाती पाणी आत घेत नाही. मग जोराचा पाऊस मातीलाच घेऊन नाल्याला जातो. खाली काळा पाषाण. त्यात पाणी राहते ते केवळ झिजलेल्या थरात आणि फटींत. ही साठवण मोठी नसते. जुन्या विहिरीने तिचा अंदाज घेऊन पाणी वापरले. बोअरवेल मात्र दोनशे-तीनशे फूट खाली जाऊन शेजाऱ्याच्या विहिरीखालचे पाणी ओढून घेते. शेजाऱ्याच्या धुऱ्यावरचे एक निंबाचे झाड तोडले तर गावात भांडण होते, पोलीस येतात. त्याच शेजाऱ्याची विहीर आपल्या बोअरने कोरडी पडली तर त्याला कोणी चोरी म्हणत नाही. सातवी आज्ञा मात्र ओरबाडण्याची खोली मोजून सवलत देत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात भूजलाचा उपसा पुनर्भरणाच्या पलीकडे गेला आणि बागा वाळल्या. ते उदाहरण आपल्याच जिल्ह्यातले आहे.

फवारणीचा पंप कोणाच्या पाठीवर?

चोरीचा दुसरा प्रकार याहून भयंकर आहे. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मरण पावले. शेकडो रुग्णालयांत दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीला गेली होती. निरनिराळी औषधे एकत्र कालवून फवारली जात होती. अंगात साधा सदरा, तोंडाला फार तर रुमाल, आणि हवेत दमट उकाडा.

या विषाची गरज का वाढली, तेही समजून घेतले पाहिजे. २००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा बोंडअळीचा प्रश्न कायमचा मिटल्याचे सांगण्यात आले. शास्त्रज्ञांनी एक अट घातली होती. शेताच्या कडेने बिगर-बीटी कपाशीच्या ओळी लावाव्यात, म्हणजे तेथे वाढणाऱ्या अळ्या विषाला सरावणार नाहीत आणि त्यांच्याशी संकर होऊन सरावलेल्या अळ्यांची जात बळावणार नाही. ती अट बहुतेकांनी पाळली नाही. दोन ओळींचा कापूस कोण सोडणार? गुलाबी बोंडअळी सरावली आणि २०१७ साली तिने विदर्भातील बोंडे आतून पोखरून टाकली. लेवीय ग्रंथाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताचे कोपरे पूर्णपणे कापू नयेत, ते गरिबासाठी आणि परक्यासाठी सोडावेत, अशी आज्ञा आहे. कडेच्या ओळी सोडण्यामागचे विज्ञान आणि कोपरे सोडण्यामागचा धर्म यांचा उगम एकच आहे. सर्व काही आपलेच आहे, असे मानणाऱ्याचे शेवटी काहीच राहत नाही.

येथे आम्हांला एक रोखठोक प्रश्न विचारावयाचा आहे. फवारणीचा पंप मालकाच्या पाठीवर असतो की मजुराच्या? मजुराला हातमोजे, मुखपट्टी आणि अंगभर कपडे न देता शेतात उतरवणारा माणूस रविवारी ख्रिस्तप्रसादाला जात असेल, तर त्याने वेदीवरच्या भाकरीकडे नीट पाहावे. जमिनीचे फळ आणि माणसाचे श्रम म्हणून ती भाकर अर्पण होते. ज्या जमिनीत विष कालवले आणि ज्या श्रमात मजुराचे फुप्फुस जळले, ते अर्पण स्वीकारण्यास आपण देवाला कोणत्या तोंडाने सांगणार?

नाबोथाचा मळा

चोरीचा तिसरा प्रकार कायद्याच्या कागदावर होतो. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर ऊर्ध्व वर्धा धरण बांधले गेले ते शेतीच्या सिंचनासाठी. गावे उठली, वावरे बुडाली, आणि त्याच्या मोबदल्यात खालच्या तालुक्यांना पाण्याचे वचन मिळाले. पुढे २००३ च्या राज्य जलनीतीने पिण्याच्या पाण्यानंतर दुसरा क्रम उद्योगाला दिला आणि शेतीला तिसऱ्या क्रमावर ढकलले. याच धरणाचे पाणी नांदगाव पेठेच्या १,३५० मेगावॅटच्या कोळशावर चालणाऱ्या औष्णिक वीज प्रकल्पाला देण्याचे ठरले, तेव्हा जिल्ह्यातील शेतकऱ्यांनी आंदोलन केले. राज्यभर टीका झाल्यावर २०११ साली शासनाने शेतीला पुन्हा दुसरा क्रम दिला. म्हणजे आठ वर्षे महाराष्ट्राच्या लेखी गिरणीची तहान शिवाराच्या तहानेहून मोठी होती.

अहाब राजाला नाबोथाचा द्राक्षमळा हवा होता. त्याने त्याहून चांगला मळा देऊ केला, रोख किंमतही देऊ केली. नाबोथाने नकार दिला, कारण वाडवडिलांचे वतन ही त्याच्या लेखी विकाऊ वस्तू नव्हती. पुढे त्याच्यावर खोटा खटला भरून कायदेशीर रीतीने त्याचा जीव घेण्यात आला. मोबदला दिला म्हणजे अन्याय संपत नाही, आणि कागद नीट असले म्हणजे पाप पुसले जात नाही, हे त्या कथेचे सार. एलिया संदेष्टा मंदिरात जाऊन गप्प बसला नाही. तो थेट त्या मळ्यात जाऊन राजासमोर उभा राहिला. आमच्या धर्मग्रामांतून किती जण पाण्याच्या प्रश्नावर ग्रामसभेत उभे राहतात?

आक्षेप आणि उत्तरे

आम्हांला सांगितले जाते की अशा विचारांनी विकास थांबेल. कोणता विकास? १९८७ साली ब्रुंटलँड आयोगाने शाश्वत विकासाची कल्पना जगापुढे ठेवली, तेव्हा ती नवी वाटली. पण आमच्या स्टेशनावरून नागपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसले तर थोड्याच वेळात वर्धा येते. तेथील मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा नावाचा एक ख्रिस्ती अर्थशास्त्रज्ञ गांधीजींच्या ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होता. त्यांनी १९४० च्या दशकात तुरुंगात 'इकॉनॉमी ऑफ पर्मनन्स', म्हणजे चिरस्थायी अर्थव्यवस्था, हा ग्रंथ लिहिला आणि येशूच्या शिकवणुकीवर दुसरा. परोपजीवी अर्थव्यवस्थेपासून मातेच्या निरपेक्ष सेवेवर आधारलेल्या अर्थव्यवस्थेपर्यंतच्या पायऱ्या त्यांनी दाखवून दिल्या. जगाला चाळीस वर्षांनी जे सुचले ते आमच्या शेजारी, आमच्याच श्रद्धेच्या माणसाने, आधीच मांडून ठेवले होते. त्यांचे नाव आमच्या किती युवकांना ठाऊक आहे?

दुसरा आक्षेप असा की प्रदूषण श्रीमंत देशांनी केले, मग वऱ्हाडातल्या गरीब माणसाने त्याचा भार का उचलावा? हा आक्षेप खरा आहे आणि तो मोठ्याने मांडला पाहिजे. पोप फ्रान्सिस यांनी श्रीमंत राष्ट्रांच्या या ऋणाचा उच्चार 'लाउदातो सी' मध्ये स्पष्टपणे केला आहे. पण आमच्या विहिरीचे पाणी अमेरिकेने उपसलेले नाही आणि आमच्या मजुराच्या पाठीवर पंप युरोपाने चढवलेला नाही. जगाकडे न्याय मागणाऱ्याने आपल्या धुऱ्याच्या आत तो आधी द्यावा, म्हणजे त्याच्या मागणीला धार येते.

तिसरा आक्षेप संख्येचा. वऱ्हाडात आम्ही थोडे, आमच्याने काय होणार? वसईत ख्रिस्ती समाज मोठा आहे, हे मान्य. तेथे फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली बागायती आणि पाणी वाचविण्यासाठी लढा दिला. बिल्डर, टँकर आणि गुंडगिरी यांच्यासमोर ते उभे राहिले. याच धर्मगुरूंना २०२० साली उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मिळाले. २०२४ साली ते प्रभूकडे गेले. पण त्या लढ्याचे बळ ख्रिस्ती संख्येत नव्हते; सर्व धर्मांचे वसईकर त्यात होते. आणि संख्येची सबब पुढे करणाऱ्यांनी नगरकडेही पाहावे. १९४८ साली भारतात आलेले येशूसंघीय धर्मगुरू हर्मन बाखर यांनी दुष्काळी गावांत पाणलोट विकासाचे काम उभे केले. त्यातून १९९३ साली 'वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट' ही संस्था जन्मली. माथ्यापासून पायथ्यापर्यंत चर, बांध, कुरणबंदी आणि प्रत्येक घरचे श्रमदान ही त्यांची पद्धत. ज्या गावांत त्यांनी काम केले, त्यांतील बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते. सेवेला जनगणना लागत नाही.

शिवाय आमच्या भोवती सोबती कमी नाहीत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे मोझरी आमच्या शेजारच्या तिवसा तालुक्यात आहे. गाव स्वच्छ आणि स्वावलंबी असावे, हा त्यांच्या 'ग्रामगीते'चा ध्यास. गाडगेबाबा याच जिल्ह्यातले. त्यांचा खराटा हेच त्यांचे प्रवचन होते. नैसर्गिक शेतीसाठी २०१६ साली पद्मश्री मिळविणारे सुभाष पाळेकर अमरावतीचेच. यांच्या अनुयायांबरोबर नाल्यावर फावडे घेऊन उभे राहण्याने आमची श्रद्धा पातळ होत नाही, उलट तिची पारख होते.

मग करावयाचे काय?

आम्ही मोठी योजना सुचवीत नाही. चार गोष्टी मागतो.

पहिली गोष्ट, पापनिवेदनाच्या तयारीत सातव्या आज्ञेपाशी थांबून स्वतःला विचारावे: या वर्षी मी कोणाचे पाणी घेतले? कोणाच्या अंगावर विष उडवले? कोणाच्या नातवंडांची माती वाहू दिली? धर्मगुरूंनी उपवासकाळात हे प्रश्न छापील कागदावर भाविकांच्या हाती द्यावेत.

दुसरी, प्रत्येक चर्च, शाळा आणि मठाच्या छपराचे पाणी जमिनीत उतरले पाहिजे. आमच्या भागात वर्षाला सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो असे धरले, तर २०० चौरस मीटर छपरावर १,६०,००० लिटर पाणी पडते. ते गटारात सोडायचे आणि मे महिन्यात टँकर बोलवायचा, हा शहाणपणा नव्हे. आवारात फरशा बसविण्यासाठी देणगी मिळते. शोषखड्ड्यासाठीही ती मिळू शकेल, पण त्यासाठी कोणी मागितली पाहिजे.

तिसरी, ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांनी संरक्षक साधनांशिवाय एकाही मजुराला फवारणीला लावू नये, आणि आपल्या जमिनीचा एक तुकडा तरी विषमुक्त करून पाहावा. धुऱ्यावरची बाभूळ आणि निंब राखावेत.

चौथी, ५ जूनचा खड्डा बंद करावा. त्याऐवजी १ सप्टेंबर पाळावा. बहुधा त्याच सुमारास वऱ्हाडात पोळा येतो. वर्षभर राबलेल्या बैलाची खांदेमळणी करून त्याचे ऋण मानणारा हा समाज आहे. त्याच दिवसांत ख्रिस्तसभा सृष्टीसाठी प्रार्थना करते, ही संधी धर्मग्रामांनी साधावी. गेल्या वर्षी लावलेली झाडे त्या दिवशी मोजावीत. जगलेल्या झाडांचा आकडा मिस्सेनंतर जाहीर वाचून दाखवावा, मेलेल्यांचाही.

सृष्टीची निगा राखणे हा सवडीचा छंद आहे, असे ज्यांना अजूनही वाटते, त्यांच्याशी आमचा वाद चालूच राहील. त्यांनी आम्हांला एवढेच दाखवून द्यावे की सातवी आज्ञा शेताच्या धुऱ्यापाशी संपते. ते दाखवता आले नाही, तर येत्या पावसाळ्यापूर्वी चर्चच्या छपराला पन्हाळी लावून घ्यावी.